शोधयंत्रातील पहिला क्रमांक : समज आणि गैरसमज

आपल्या व्यवसायाचे संकेतस्थळ असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. इंदूरचा मिठाईवाला असो वा कोल्हापूरचा चप्पल-व्यापारी, नवा ग्राहक त्याला प्रथम शोधतो तो गुगलसारख्या शोधयंत्रावर. म्हणूनच 'आपले संकेतस्थळ पहिल्या क्रमांकावर आणून देतो' अशी हमी देणारे दूरध्वनी व्यावसायिकांना येत असतात. संकेतस्थळ शोधयंत्राला सुगम करण्याच्या तंत्रास 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन', थोडक्यात 'एसईओ' म्हणतात. हे तंत्र निश्चितच उपयुक्त आहे. परंतु त्याविषयीच्या गैरसमजांपायी कष्टाचा पैसा वाया जाऊ शकतो.

शोधयंत्राची संगणकीय प्रणाली एका पानावरून दुसऱ्या पानावर जात मजकूर वाचते आणि त्याची प्रचंड सूची तयार करते. आपण प्रश्न विचारताच त्या सूचीतील सुसंगत व उपयुक्त पाने निवडून ती क्रमाने मांडली जातात. हा क्रम शोधणाऱ्याचे ठिकाण व भाषा यांनुसारही बदलतो. म्हणजे सर्वांसाठी एकच असा 'पहिला क्रमांक' मुळात नसतोच.

पहिला गैरसमज असा की, पैसे मोजले की क्रमांक मिळतो. पैसे देऊन जाहिरात मिळते आणि ती 'प्रायोजित' अशा शब्दाने वेगळी दाखविली जाते. जाहिरात दिल्याने मूळ निकालांतील स्थान सुधारत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे.

दुसरा गैरसमज शब्दांचा. 'उत्तम साड्या, स्वस्त साड्या' असे शब्द पानावर वारंवार पेरल्यास क्रमांक वाढतो, असे मानले जाते. वास्तविक पानाच्या संकेतलेखनात लपविलेल्या 'कीवर्ड' यादीचा क्रमवारीसाठी आपण उपयोग करीत नाही, असे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. निरर्थक पुनरुक्तीमुळे तर क्रमांक घसरूही शकतो.

तिसरा गैरसमज दुव्यांचा. १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी गुगलची स्थापना केली, तेव्हा इतर संकेतस्थळांनी दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस मानण्यात आली होती. त्यातून दुवे विकत घेण्याचा धंदा फोफावला. अशा बनावट शिफारशींना आळा घालण्यासाठी २०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाची सुधारणा अमलात आणली. हजारो दुव्यांचे आमिष म्हणूनच टाळावे.

चौथा गैरसमज म्हणजे परिणाम आठवड्याभरात दिसतो. प्रत्यक्षात बहुधा चार महिने ते वर्षभराचा अवधी लागतो, आणि नंतरही माहिती अद्ययावत ठेवावी लागते. छोट्या व्यावसायिकाने सुरुवात विनामूल्य मार्गाने करावी. गुगलवर आपल्या व्यवसायाची नोंद करून पत्ता, वेळ, दूरध्वनी व छायाचित्रे अचूक द्यावीत. सल्लागार नेमल्यास कामाचे स्वरूप लेखी घ्यावे आणि संकेतस्थळाची मालकी स्वतःच्याच नावे ठेवावी.

शेवटचा गैरसमज मात्र प्रत्येक खातेदाराशी निगडित आहे : वर दिसते ते विश्वसनीय. ज्या युक्त्यांनी संकेतस्थळे वर आणली जातात, त्याच युक्त्या भामटेही वापरतात. बँकेचे ग्राहकसेवा केंद्र म्हणून ते स्वतःचेच क्रमांक महाजालावर पेरतात. आधीच अडचणीत असलेला खातेदार त्यावर संपर्क साधतो, समोरची व्यक्ती गुप्त क्रमांक वा ओटीपी विचारते आणि खाते रिकामे होते. रिझर्व्ह बँकेनेही या फसवणुकीबाबत जनतेला सावध केले आहे.

यास्तव बँकेचा क्रमांक शोधयंत्रावर शोधू नये. तो कार्डाच्या मागील बाजूस, पासबुकावर वा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील आदेशानुसार बँकांची संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव क्षेत्रनामाखाली आणण्यात आली आहेत. पत्त्याच्या पट्टीत बँकेच्या नावानंतर ही अक्षरे आहेत ना, हे अवश्य तपासावे. फसवणूक झालीच तर विलंब न लावता बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखून धरण्याची शक्यता अधिक.