बँक आपला फोन ओळखते ती कशी?

बचत गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास विचारतात, "ताई, पिन कुणाला कळला की पैसे गेलेच ना?" लगेच जात नाहीत. कारण पिनच्या आधी आणखी एक कडी असते.

नव्या फोनमध्ये यूपीआयचं ॲप चालू करताना ते आधी सिम कुठलं ते विचारतं. मग त्या सिमवरून बँकेकडे आपोआप एक एसएमएस जातो. त्यातली अक्षरं नि आकडे आपल्याला कळणारे नसतात, पण बँक त्यावरून नोंद करते: हा नंबर, या फोनमध्ये. पुढे पैसे पाठवताना फोन तोच आहे ना, हे पाहिलं जातं. म्हणून फोन बदलला की नोंदणी पुन्हा पहिल्यापासून. कटकट वाटते खरी, पण कडी आपल्याच दाराची.

चोर ही कडी आपल्याच हातून काढून घेतो. तो त्याच्या फोनवर आपल्या नंबरने नोंदणी सुरू करतो. तिथे आलेला तो अगम्य मेसेज आपल्याला पाठवतो आणि म्हणतो, "तुमचा हप्ता अडकलाय, हा मेसेज तुमच्या फोनवरून या नंबरवर पाठवा." आपण पाठवला, की मेसेज आपल्या सिमवरून गेला म्हणून बँक त्याचा फोन आपला समजते. मग एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी मिळाला, की तो नवा पिनच तयार करतो. जुना पिन त्याला लागतही नाही! 'आम्ही ओटीपी सांगत नाही' म्हणणाऱ्या बायकाही असा मेसेज बिनधास्त पाठवतात.

स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं, तर बँकेची ही ओळख कामाची नाही. फोन आपलाच असतो, फक्त आपण काय दाबतो ते तो बघत बसतो.

फोनची स्वतःचीही एक ओळख असते, आयएमईआय. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा; पंधरा आकडे दिसतील. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर. ते पासबुकाच्या मागे लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर आधी सिम बंद करा, मग पोलिसांत तक्रार द्या. तक्रारीची प्रत जोडून 'संचार साथी'वर फोनही बंद करता येतो.

आणि पैसे गेलेच, तर घरी काय सांगू या काळजीत वेळ घालवू नका. आधी १९३० ला फोन लावा, लगेच बँकेलाही कळवा. व्यवहाराचा नंबर, रक्कम आणि वेळ जवळ ठेवा, तेच आधी विचारतात.