दाब सांगणारी वाकडी नळी

हायड्रॉलिक प्रेसच्या पॉवर पॅकवर, उसाच्या मिलच्या रोलरवर दाब देणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरशेजारी, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर, सगळीकडे तीच गोल तबकडी दिसते. काटा, आकडे आणि बहुधा एक लाल रेघ. तिला ना वीज लागते ना बॅटरी. आत एक वाकवलेली नळी असते. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ यांनी तिचं पेटंट घेतलं १८४९ साली, आणि मूळ रचना आजही तीच आहे.

त्याआधी दाब मोजायचा म्हणजे पाऱ्याचा स्तंभ. १ बार दाबाला ७५ सेंटीमीटर पारा लागतो. म्हणजे १० बारच्या बॉयलरला साडेसात मीटर उंचीची काचेची नळी. धावत्या रेल्वे इंजिनावर ती बसवणार कुठे? बूर्दाँ घड्याळजी आणि वाफेची इंजिनं बांधणारे. हकिकत अशी सांगतात, की वाफ थंड करण्यासाठीची नळी वळवताना ती एका ठिकाणी चपटी झाली. ती फुगवून पुन्हा गोल करावी म्हणून एक टोक बंद केलं आणि दुसऱ्या टोकाने दाबाखाली पाणी सोडलं. नळी गोल होऊ लागली, पण त्याचबरोबर तिचं वळणही उलगडू लागलं. दाब वाढेल तसं उलगडणं वाढत होतं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या गेजला पदक मिळालं.

जत्रेतली कागदी पुंगी फुंकली की सरळ होते, तसंच हे. फक्त नळी धातूची, म्हणून टोक हलतं ते जेमतेम काही मिलिमीटर. एवढ्याशा हालचालीवर काटा तबकडीचा पाऊण फेरा मारतो. टोकाला जोडलेली कडी दातेरी चापाला ओढते, चाप छोट्या पिनियनला फिरवतो आणि पिनियनच्या दांडीवर काटा असतो. दात्यांमधली ढिलाई काट्यात उतरू नये म्हणून केसासारखी बारीक स्प्रिंग लावलेली असते. हा सगळा भाग उघडून पाहिला तर बूर्दाँ यांचं घड्याळजीपण लगेच कळतं.

आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये अजूनही दाब ‘केजी’मध्येच विचारतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरवर किती किलो. गेज तपासायचं यंत्रही याच हिशेबाने चालतं: १ चौरस सेंटीमीटरच्या पिस्टनवर १० किलोची वजनं ठेवली की खालच्या तेलात १० केजी दाब. काट्याने तेवढंच दाखवायला हवं.

या गेजचा खरा शत्रू जास्त दाब नव्हे, थरथर. पंपाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तेलाचा दाब वरखाली होतो आणि दाते झिजतात. म्हणून केसमध्ये ग्लिसरीन भरतात, वाटेत बारीक छिद्राचा स्नबर घालतात. शंभर बारच्या लाइनवर शंभरचंच गेज लावायचा मोह बरा नाही. १६० चं घ्यावं. आणि एक गोष्ट मला धोक्याची वाटते. पुष्कळ गेजमध्ये शून्यापाशी एक पिन असते. नळीच्या तोंडाशी कचरा अडकला, तर लाइनमध्ये दाब असूनही काटा त्या पिनवर टेकून शून्य दाखवत राहू शकतो. शून्य दिसलं म्हणून पाना घेऊन नट सोडणं म्हणजे हात घालवायची तयारी. उच्च दाबाखालच्या तेलाची सुईएवढी चिळकांडीही कातडीतून आत शिरते.

पण काटा बरोबर असला, तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो. पंप दाब तयार करत नाही. तो तेल ढकलतो. दाब येतो तो वाटेतल्या अडथळ्यामुळे. मशिन संथ झालं की मेकॅनिक आधी गेज बघतो, आणि गेज नेहमीचाच आकडा दाखवत असतं. संथपणा प्रवाहात असतो, दाबात नाही. मग लाइनमध्ये फ्लो मीटर जोडावा लागतो: तेलाच्या धारेत फिरणारं छोटं चाक, मिनिटाला किती लिटर ते सांगणारं. त्याच्या पुढे एक व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जायचं, कारण पूर्ण बंद झाला आणि वाटेत जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह नसला तर पंपच फुटेल. मोकळ्या वाटेला ४० लिटर देणारा पंप १५० बारला ३८ देत असेल तर ठीक. २८ वर आला तर आत झिजला आहे.

बार आणि मिनिटाला लिटर यांचा गुणाकार करून ६०० ने भागलं की किलोवॅट मिळतात. १५० बारला हरवलेले १२ लिटर म्हणजे ३ किलोवॅट. पंपाच्या आतल्या फटींतून मागे निसटणारं हे तेल काम काही करत नाही, नुसतं तापतं. तापलं की पातळ होतं, आणि पातळ झालं की आणखी निसटतं. त्यामुळे सकाळी थंड तेलावर झिजलेला पंपही चाचणीत पास होऊन जातो. मशिन चालवून तेल नेहमीच्या, साधारण ५० अंशांच्या तापमानाला आणावं आणि मगच आकडे लिहून घ्यावेत.