सव्वीस इंच म्हणजे नेमके किती?

सायकलचा टायर रिमला चिकटवलेला नसतो. त्याच्या दोन्ही काठांत पोलादी तारेची एकेक कडी असते आणि ही कडी ताणली जात नाही. ट्यूबमध्ये हवा भरली की टायर बाहेर फुगू पाहतो, पण कडीमुळे त्याचा काठ रिमच्या वळलेल्या कडेखाली अडकून राहतो. टायर रिमवर बसणार की नाही हे या कडीच्या व्यासावर ठरते. टायर बाहेरून किती मोठा दिसतो, याचा त्याच्याशी संबंध नाही. बाजारात मात्र टायर पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्या मापाने विकला गेला आणि ‘सव्वीस इंची’ हे एकच नाव निदान पाच वेगवेगळ्या रिमांना मिळाले. नवा टायर घेताना होणाऱ्या गोंधळाचे मूळ यात आहे.

तारेच्या कडीची कल्पना १८९० ची. हवेच्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध नव्याने लावला. डनलॉप यांचा टायर रिमला पक्का चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढायचे तर सगळेच उकलावे लागे. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी काठात न ताणणारी तार आणि मध्ये खोलगट असलेली रिम अशी जोडी सुचवली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंचा काढता-घालता येणारा टायर पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यतीत जिंकला. आजही गावातल्या सायकल दुकानात टायर ज्या रीतीने चढवला जातो, ती वेल्च यांच्या रिमवरच आधारलेली आहे.

इंचाचा हिशेब

इंग्रजी पद्धतीत टायरचे माप म्हणजे हवा भरलेल्या चाकाचा बाहेरचा अंदाजी व्यास. दुसरा आकडा टायरच्या जाडीचा. चाकाची एकूण उंची सव्वीस इंच, म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटर ठेवायची आणि टायर जाड घ्यायचा, तर रिम लहान करावी लागते. बारीक टायर घ्यायचा, तर रिम मोठी लागते. ५९० मिलिमीटरच्या रिमवर ३५ मिलिमीटरचा टायर चढवला की दोन्ही बाजूंची जाडी मिळून ६६० होतात. ५८४ च्या रिमवर ३८ चा टायर घातला तरी ६६० च. ५९७ वर ३२ चा घातला की ६६१, ५७१ वर ४४ चा घातला की ६५९. ५५९ ची रिम सर्वांत लहान, म्हणून तिच्यावर पन्नास मिलिमीटर किंवा त्याहून जाड टायर येतो. यांतले प्रत्येक चाक सव्वीस इंचीच म्हटले जाते, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

फ्रेंच पद्धतीने हाच हिशेब मिलिमीटरमध्ये मांडला आणि जाडीसाठी अक्षरे वापरली. ७०० हा बाहेरचा व्यास. त्यापुढचे ‘ए’ म्हणजे बारीक टायर आणि मोठी रिम, ‘बी’ त्याहून जाड, ‘सी’ आणखी जाड. त्यामुळे ७०० ए ची रिम ६४२ ची, ७०० बी ची ६३५ ची आणि ७०० सी ची ६२२ ची. पुढे प्रत्येक रिमसाठी वेगवेगळ्या जाडीचे टायर निघाले. मूळ हिशेब मोडला, नावे मात्र राहिली. आज शर्यतीच्या सायकलचा ७००×२५ सी टायर बाहेरून सातशे मिलिमीटर भरत नाही, ६७२ च्या आसपास असतो.

त्यात विक्रीसाठी नवी नावे आली. जाड टायरच्या डोंगरी सायकलीचे ‘एकोणतीस इंची’ चाक ६२२ च्याच रिमचे, म्हणजे ७०० सी चेच. ‘साडेसत्तावीस इंची’ हे जुन्या ६५० बी चे, म्हणजे ५८४ च्या रिमचे नवे नाव. जुन्या शर्यती सायकलींची ‘सत्तावीस इंची’ रिम ६३० ची आहे. म्हणजे रिमपाशी मोजले तर सत्तावीस हे एकोणतिसापेक्षा मोठे भरते.

अपूर्णांक आणि दशांश यांचा घोळ तर गणितालाही न जुमानणारा आहे. पावणेदोन आणि १.७५ या एकच संख्या. टायरवर मात्र २६ × १-३/४ असे लिहिले असेल तर तो ५७१ चा आणि २६ × १.७५ असे असेल तर ५५९ चा. अपूर्णांकात लिहिलेले माप दशांशात बदलून दुकानात सांगितले, तर बहुधा चुकीचाच टायर हाती येतो.

भारतातली मापे

भारतातली काळी सायकल ब्रिटिश रोडस्टरवरून आली. मुंबईत वरळीची हिंद सायकल्स, मद्रासची टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाची हिरो (१९५६) या कारखान्यांच्या काळात दांड्याच्या ब्रेकची, २८ × १-१/२ टायरची सायकल देशभर पसरली. टायरही इथेच बनू लागले. बंगालमधील साहागंजचा डनलॉपचा कारखाना १९३६ चा. आज लुधियानाच्या राल्सन आणि मेट्रो, हैदराबादची हार्टेक्स ही नावे सायकल टायरवर दिसतात. काळ्या सायकलच्या टायरचे रिमशी जुळणारे माप ६३५ मिलिमीटर. ७०० सी चा टायरही काही ठिकाणी ‘अठ्ठावीस इंची’ म्हणूनच विकला जातो, पण त्याचे माप ६२२ आहे. तेरा मिलिमीटरने लहान असलेला हा टायर काळ्या सायकलच्या रिमवर चढणे शक्य नाही.

महाराष्ट्रात आणखी एक आकडा ऐकू येतो. ‘बावीसची सायकल’, ‘चोवीसची सायकल’ असे काळ्या सायकलबद्दल म्हणतात, तेव्हा तो आकडा फ्रेमच्या उंचीचा असतो, चाकाचा नव्हे. बावीसची असो की चोवीसची, चाक अठ्ठावीसचेच. लहान मुलांच्या सायकलीत मात्र वीस किंवा सोळा हा आकडा चाकाचाच. म्हणून दुकानात फक्त ‘चोवीसच्या सायकलचा टायर’ मागितला, तर मुलांच्या चोवीस इंची चाकाचा टायर पुढे येऊ शकतो.

वसई तालुक्याच्या पूर्व भागातील चांदीपसारख्या गावात एकाच घरी तीन पिढ्यांच्या सायकली असू शकतात. आजोबांची काळी सायकल ६३५ ची. मुलीची शाळेची लेडीज सायकल २६ × १-३/८, म्हणजे ५९० ची. जुनी असेल तर २६ × १-१/२, म्हणजे ५८४ ची. मुलाची जाड टायरची गिअरवाली २६ × १.९५, म्हणजे ५५९ ची. धाकट्याची वीस इंची, बहुतेक ४०६ ची. त्यांतल्या तीन मापांना बोलताना ‘सव्वीस’च म्हटले जाते. ५९० चा टायर ५८४ च्या रिमवर सहज चढतो आणि धोका इथेच असतो. तो सैल बसतो, हवा भरली की काठ रिमवरून निसटतो आणि ट्यूब फुटते. उलट, ५८४ चा टायर ५९० च्या रिमवर पान्याने ओढूनताणून चढवला तर काठातली तार तुटते.

खरे माप कुठे असते

या सगळ्यातून वाट काढण्यासाठी युरोपीय टायर-रिम संघटनेची पद्धत स्वीकारली गेली आणि आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ती आली. भारतात सायकल आणि रिक्षाच्या टायरसाठी आयएस २४१४ हे मानक आहे. टायरच्या बाजूवर इंचातल्या मापाजवळ ४०-६३५, ३७-५९०, ५०-५५९ अशी जोडी छापलेली असते. पहिली संख्या जाडी, दुसरी रिमवर जिथे काठ टेकतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बांगडीचे माप आतल्या व्यासावरून सांगतात, बांगडी कितीही जाड असली तरी, टायरचेही तसेच. तीन अंकी संख्या तंतोतंत जुळलीच पाहिजे. दोन अंकी संख्येत थोडे कमी-जास्त चालते.

जुन्या टायरवरची अक्षरे पुसली गेली असतील, तर रिमवर ‘६२२ × १९’ असा शिक्का शोधावा. यातला १९ हा रिमच्या आतल्या रुंदीचा. शिक्काही नसेल तर टायर काढून, काठ जिथे टेकतो त्या पट्ट्यावरून दोरा फिरवून घेर मोजावा आणि ३.१४ ने भागावे. ६३५ च्या रिमचा घेर सुमारे १९९५ मिलिमीटर, ६२२ चा १९५४, ५९० चा १८५४, ५८४ चा १८३५, ५५९ चा १७५६. ५९० आणि ५८४ मधला फरक घेरात दोन सेंटिमीटरच्या आत असल्याने तिथे दोनदा मोजलेले बरे.

जाडी, नक्षी आणि हवा

जाडी वाढवायची तर तीन ठिकाणी जागा पाहावी लागते: चिमटा, मागची फ्रेम आणि मडगार्ड. पावसाळ्यात चिखल साचतो, म्हणून तिथे बोटभर फट राहिलेली चांगली. रिम फार अरुंद असेल तर जाड टायर वळणावर डोलतो. फार रुंद रिमवर बारीक टायर चपटा बसतो आणि खड्ड्यात रिमला मार लागतो.

गोटेदार नक्षी चिखलात आणि कच्च्या वाटेवर पकड देते. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर हे गोटे फक्त आवाज करतात, लवकर झिजतात आणि पाय दमवतात. मोटारीच्या टायरला पाणी बाहेर फेकण्यासाठी खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असल्याने आणि तिचा वेगही कमी असल्याने तो पाण्याच्या थरावर तरंगत नाही, त्यामुळे गुळगुळीत टायर ओल्या डांबरावर कमी पडत नाही. घसरायला लावतात ती रस्त्यावरची रंगाची पट्टी, लोखंडी झाकण आणि मातीचा ओला थर, आणि त्यांवर नक्षीचाही उपयोग होत नाही. रोज डांबरावरून स्टेशन किंवा शाळा आणि मधूनच शेताची वाट, अशा वापराला मध्ये सपाट आणि कडेला बारीक गोटे असलेला टायर सोयीचा.

हवेची कमाल मर्यादा टायरवर छापलेली असते. बारीक टायरला जास्त आणि जाड टायरला कमी दाब लागतो: ७००×२५ ला साधारण ८० पीएसआयच्या वर, दोन इंची डोंगरी टायरला ३५ ते ५०. मागच्या चाकावर भार जास्त, कॅरियरवर ओझे असेल तर आणखी, म्हणून मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेंगरते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात.

ट्यूब ताणली जाते, म्हणून तिच्या मापात टायरइतकी काटेकोरी नसते. ६२२ ची ट्यूब ६३५ मध्येही चालते. व्हॉल्व्ह मात्र पाहावा लागतो. काळ्या सायकलचा व्हॉल्व्ह रबरी नळी चढवलेला, त्या नळीला चीर गेली की पंक्चर नसतानाही हवा जाते. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह पेट्रोल पंपावरच्या हवेला चालतो. शर्यती सायकलचा बारीक व्हॉल्व्ह लहान भोकाच्या रिमसाठी. त्या भोकातून जाड व्हॉल्व्ह जात नाही.

टायर कधी बदलावा

नक्षी पुसून टायर गोटा झाला एवढ्याने तो लगेच टाकून द्यायचा नसतो. रबराखालचे धागे दिसू लागले, कुठे फुगा आला, काठातली तार तुटून बाहेर आली, ब्रेकचा गुटका घासून बाजू कापली गेली, किंवा उन्हाने बाजूला खोल भेगा पडल्या, तर मात्र टायर बदलावा. आठवड्यात दोन-तीन पंक्चर होऊ लागली, तरी रबर पातळ झाल्याचे समजावे. देशावर पंक्चर बहुतेक सराट्याचे किंवा बाभळीच्या काट्याचे. मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या कडेने जाणाऱ्याला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा जास्त त्रास देतात. पावसात ही संख्या वाढते, कारण ओल्या टायरला कचरा चिकटून राहतो आणि ओले रबर काचेने लवकर चिरते.

मागचा टायर भार आणि जोर दोन्ही घेतो, म्हणून पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो. एकच नवा घ्यायचा असेल तर नवा पुढे लावावा आणि पुढचा मागे घ्यावा. धावताना पुढचा टायर फुटला तर हँडल हातात राहत नाही. मागचा फुटला तर सायकल बहुधा सावरता येते.

बदलण्याची रीत

चाक काढून हवा पूर्ण सोडावी. टायरचा काठ सगळीकडून दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलावा. तेवढ्याने समोरच्या बाजूला सैलपणा येतो आणि लिव्हर सहज घालता येते. एक काठ बाहेर काढून ट्यूब ओढून घ्यावी. जुन्या टायरमध्ये काटा अडकला असेल तर त्याची जागा ट्यूबच्या भोकाशी जुळवून पाहावी, नाहीतर तोच काटा कुठेतरी शिल्लक राहतो. आरांच्या टोकांवर रिमटेप नीट आहे का, हेही याच वेळी पाहावे. कोकणातल्या पावसात लोखंडी रिम आतून गंजते; तो गंज टेपला आणि काठातल्या तारेला खातो, म्हणून पॉलिश पेपरने घासून कोरडी करून मगच नवी टेप बसवावी.

नव्या टायरवर बाण असेल तर चाक फिरण्याच्या दिशेने तो धरावा. एक काठ चढवावा, ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरून ती आत बसवावी. दुसरा काठ व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवावा. व्हॉल्व्हजवळ ट्यूबचे जाड बूड असल्याने तिथे काठ खोलगट भागात उतरत नाही, म्हणून ती जागा शेवटी ठेवायची. शेवटचा भाग अंगठ्यांनीच लोटावा. पेचकस घातला की नव्या ट्यूबला पहिले भोक तिथेच पडते. काठ फारच घट्ट असेल तर साबणाचे पाणी लावावे. मग व्हॉल्व्ह वर ढकलून बघावा, ट्यूब काठाखाली चेंगरलेली नाही याची खात्री करावी आणि अर्धी हवा भरावी. टायरच्या बाजूवर काठालगत एक बारीक रेषा असते. चाक फिरवून ती रेषा रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसते का ते पाहावे. कुठे आत गेलेली किंवा वर आलेली दिसली तर हवा सोडून तेवढा भाग हाताने बसवावा. रेषा सारखी झाली की उरलेली हवा भरून चाक बसवावे, ब्रेकचे गुटके टायरला न लागता रिमवर टेकतील असे लावावेत, आणि दुसऱ्या दिवशी हवा एकदा तपासून पाहावी.