म्यूझकाठची जाळी

संख्याशास्त्रीय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या 'आर' या संगणकभाषेत नकाशावरील माहिती साठवण्याची सर्वमान्य रीत दीर्घकाळ नव्हती आणि प्रत्येक पॅकेज आपापला साचा वापरत असे. ही अडचण दूर करण्यासाठी एड्झर पेबेस्मा आणि रॉजर बिवँड यांनी 'एसपी' हे पॅकेज रचले व 2005 मध्ये त्याची मांडणी प्रसिद्ध केली. त्यातील जाळीची रचना, म्हणजे सारख्या मापाच्या घरांत विभागलेला प्रदेश आणि प्रत्येक घराला जोडलेले गुणधर्म, विशेष विचारपूर्वक केलेली आहे.

या रचनेत घरांची स्थाने लिहून ठेवलेली नसतात. नैर्ऋत्य कोपऱ्यातील घराच्या मध्यबिंदूचे निर्देशक, घराची लांबी-रुंदी आणि दोन्ही दिशांतील घरांची संख्या एवढ्यावरून ती हिशेबाने काढता येतात. गुणधर्म मात्र तक्त्यात, घरामागे एक ओळ याप्रमाणे, राहतात. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते, कारण आरंभबिंदू नैर्ऋत्येचा असला तरी तक्त्यातील पहिली ओळ वायव्येच्या घराची असते आणि तेथून क्रम पूर्वेकडे, मग एकेक रांग दक्षिणेकडे सरकतो. शिवाय मध्यबिंदूला कडा समजल्यास सगळा नकाशा अर्ध्या घराने ढळतो.

पॅकेजसोबत मिळणारी, नेदरलँड्समधील स्टाइन गावाजवळच्या म्यूझ नदीच्या पूरमैदानाची जाळी याचे उत्तम उदाहरण आहे. तिची घरे 40 मीटरची असून पूर्ण आयतात 78 गुणिले 104, म्हणजे 8112 घरे बसतात. पण नदीच्या वळणामुळे प्रत्यक्ष अभ्यासक्षेत्र 3103 घरांपुरतेच आहे. पूर्ण जाळी ठेवली, तर पाच गुणधर्मांसाठी 40,560 नोंदी लागतात आणि त्यांतील बहुसंख्य 'माहिती नाही' या खुणेने भरतात. म्हणूनच 'एसपी'त दुसरा प्रकारही आहे: त्यात फक्त भरलेली घरे राहतात, मात्र प्रत्येकाचे दोन निर्देशक आणि जाळीतील क्रमांक सोबत ठेवावा लागतो. तरीही येथे नोंदी 24,824 वर येतात. प्रदेश आयताकृती असता, तर हाच प्रकार महाग पडला असता.

'एसपी'ची खरी मर्यादा वेगळी आहे: ही जाळी संगणकाच्या स्मृतीत संपूर्ण उतरवावी लागते, त्यामुळे उपग्रहचित्रांसारख्या प्रचंड माहितीपुढे ती अपुरी पडते. 'एसपी'शी निगडित 'आरजीडाल', 'आरजिओस' आणि 'मॅपटूल्स' ही पॅकेजे ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त करण्यात आली. नवे काम हाती घेणाऱ्याने 'टेरा' किंवा, काळाची मितीही हवी असल्यास, 'स्टार्स' निवडावे. जुन्या संहिता वाचण्यासाठी मात्र 'एसपी'ची ओळख अजूनही आवश्यक आहे.