वाद्य आणि संगणक यांची सांगड



ज्याचे आयुष्य कारखान्याच्या दारावर सभा घेण्यात आणि कराराच्या कलमांवर वाद घालण्यात गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेत वाद्यांविषयी बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. मी गवई नाही, अभियंताही नाही. शिक्षण म्हणाल तर रात्रशाळा आणि सार्वजनिक वाचनालय, इतकेच. परंतु वरातीत, गणेशोत्सवात आणि ऑर्केस्ट्रात वाजवणारा वादक हाही हातावर पोट असलेला कामगारच आहे; आणि अशा एका वादकाची तक्रार माझ्याकडे आली, म्हणून मला हा विषय शिकावा लागला.

हा आमचा मित्र कीबोर्ड वाजवतो. घरी संगणकावर गाणी बसवून दिली तर चार पैसे अधिक मिळतील, म्हणून त्याने कर्ज काढून कीबोर्ड संगणकाला जोडला. पण पट्टी दाबली की आवाज क्षणभर मागाहून येई. दुकानदार म्हणाला, "संगणक कमजोर आहे, नवा घ्या." त्याने नवा घेतला. आवाज तितकाच उशिरा. दोष संगणकात नव्हताच. एका ठिकाणचा एक आकडा तेवढा बदलायचा होता. त्या एका आकड्याच्या अज्ञानापायी गरिबाची चार महिन्यांची कमाई गेली. आपल्या हत्याराची ओळख नसलेला कामगार दोनदा नागवला जातो, एकदा मालकाकडून आणि एकदा दुकानदाराकडून.

तेव्हा प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. वाद्य आणि संगणक ह्यांच्यामध्ये जी भाषा चालते तिला 'मिडी' म्हणतात. पुष्कळांची अशी समजूत असते, की त्या वायरमधून आवाज जातो. तसे नाही. त्यातून जातो तो केवळ हुकूम. कारखान्यात कामाची चिठ्ठी येते, काम येत नाही; तसेच हे. पेटीची मधल्या सप्तकातील पांढरी एक दाबली, तर वायरमधून तीन आकडे जातात. पहिला सांगतो, 'पहिल्या मार्गावर स्वर सुरू करा'. दुसरा सांगतो, साठ क्रमांकाचा स्वर. आणि तिसरा सांगतो, पट्टी किती जोराने दाबली. स्वर आणि जोर दोन्ही ० ते १२७ ह्या आकड्यांत मोजतात. बोट उचलले की 'थांबा' असा दुसरा हुकूम जातो. आवाज निर्माण करणारा त्या हुकमाच्या शेवटी बसलेला असतो. तो दुसरे वाद्य असेल किंवा संगणकातील सॉफ्टवेअर असेल.

ही भाषा जन्मली कशी, हे आम्हा संघटनेच्या माणसांनी विशेष ऐकण्यासारखे आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीचे वाद्य आपलीच बोली बोले. एकाचे दुसऱ्याला कळत नसे. १९८१ साली अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ ह्यांनी सर्वांसाठी एक भाषा असावी असा प्रस्ताव मांडला, आणि जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी ह्यांनी तो विचार उचलून धरला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका वायरने जोडली गेली आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यातून ऐकू आले. ह्या भाषेवर कोणी मालकीहक्काचे शुल्क लावले नाही, म्हणूनच ती जगभर पसरली. त्याच महिन्यात आमच्या मुंबईत गिरण्यांचे भोंगे बंद होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाला वर्ष झाले होते. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. एकमेकांचे गळे धरणारे कारखानदार स्वतःच्या हितासाठी एका वायरवर एकत्र येतात, आणि आम्ही कामगार मात्र एका झेंड्याखाली येताना दहा वेळा अडखळतो, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. कीबोर्डची मागची बाजू पाहा. तेथे यूएसबीचे छिद्र असेल, तर एकच वायर संगणकापर्यंत न्यावी. पुष्कळ वाद्ये संगणक आपणहून ओळखतो. काहींना कंपनीचे ड्रायव्हर नावाचे सॉफ्टवेअर आधी घालावे लागते. कीबोर्ड जुना असेल, तर पाच पिनांची गोल छिद्रे दिसतील, आणि मध्ये एक छोटी जोडपेटी घ्यावी लागेल. तेथे नियम एकच: एकाचे 'आउट' दुसऱ्याच्या 'इन'ला. आउटला आउट जोडून लोक तासन्‌तास डोके धरून बसतात. मीही बसलो आहे.

नंतर संगीताचे सॉफ्टवेअर उघडून तीन गोष्टी कराव्या: हुकूम कोणत्या कीबोर्डकडून घ्यायचा ते निवडावे, त्या मार्गावर एखादे वाद्य ठेवावे, आणि तो मार्ग ऐकण्यासाठी खुला करावा. काही कीबोर्डांत स्वतःचा आवाज मुळीच नसतो. ते केवळ हुकूम देणारे. त्यांच्यापुढे वाद्य ठेवले नाही, तर कितीही पट्ट्या दाबा, शांतताच.

आवाज आला नाही तर घाबरू नये. यंत्र बिघडल्यावर फिटर जसा एकेक भाग तपासतो तसे करावे. पट्टी दाबल्यावर सॉफ्टवेअरमधील मिडीची खूण लुकलुकते का? लुकलुकत असेल, तर वायर आणि कीबोर्ड निर्दोष. दोष पुढे, वाद्याच्या निवडीत किंवा स्पीकरच्या वाटेत आहे. लुकलुकत नसेल, तर मागे पाहा. एकच स्वर दुहेरी ऐकू येत असेल, तर कीबोर्ड स्वतःही वाजतो आहे आणि संगणकही. कीबोर्डमधील 'लोकल' बंद करावे. एखादा स्वर वाजतच राहिला, तर 'थांबा' हा हुकूम वाटेत हरवला असे समजावे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सर्व स्वर एकदम थांबवणारे बटण असते.

आणि तो उशीर? वायर निर्दोष आहे. जुन्या पाच पिनांच्या वायरवरूनही सेकंदाला ३१,२५० खुणा जातात. तीन आकड्यांचा हुकूम एका सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात पोचतो. उशीर होतो तो संगणक आवाजाचे तुकडे साठवून मग बाहेर सोडतो म्हणून. ह्या साठ्याला 'बफर' म्हणतात. सेकंदाला ४४,१०० तुकडे धरले आणि साठा १,०२४ तुकड्यांचा ठेवला, तर केवळ त्यातच सेकंदाचे तेवीस सहस्रांश जातात; १२८ ठेवला तर तीनच. वाजवताना साठा लहान ठेवावा. फार लहान केल्यास आवाज तडतडतो, मग थोडा वाढवावा. विंडोजच्या संगणकावर 'आसिओ' जातीचा ड्रायव्हर वापरावा, आणि बिनवायरचे ब्लूटूथ हेडफोन ह्या कामी वापरू नयेत. त्यांचा उशीर निराळाच. आमच्या मित्राचा आकडा होता तो हाच.

आपल्या संगीतापुरते एक सांगतो. मिडीची मूळ घडण पट्ट्यांच्या वाद्याची आहे. मींड पट्ट्यांवर येत नाही. पेटीवर हाच आक्षेप होता, आणि आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी होती. मिडीत त्यासाठी स्वर वाकवणारे चाक असते. त्याच्या १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून स्वर सलग सरकल्यासारखा वाटतो. मात्र ते चाक त्या मार्गावरचे सारे स्वर एकदम वाकवते. अशा एका वायरवर सोळा मार्ग असतात; मींडेचा स्वर वेगळ्या मार्गावर ठेवला, की बाकीचे जागीच राहतात. २०२० मध्ये ह्या भाषेची दुसरी आवृत्ती निघाली. तीत एकेक स्वर स्वतंत्र वाकवण्याची सोय आहे. जुन्या वाद्यांना त्यामुळे बाध आलेला नाही.

शेवटी माझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. हे यंत्र वादकाचा घास काढते का? काढते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोमंतकीय आणि इतर वादकांचे मोठे ताफे स्टुडिओत बसत. सिंथेसायझर आणि संगणक आल्यावर ते ताफे ओसरले. १९८२ साली ब्रिटनमधील वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदी घालावी असा ठराव केला. त्याने यंत्र थांबले नाही. याउलट १९४२ साली अमेरिकेतील वादक संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. ध्वनिमुद्रिका बंद करा, एवढ्यावर ते अडून बसले नाहीत. विकल्या जाणाऱ्या तबकडीमागे काही रक्कम वादकांच्या निधीत द्या, ही त्यांची मागणी होती. १९४४ अखेरपर्यंत मोठ्या कंपन्यांनाही ती मान्य करावी लागली, आणि त्या निधीतून वादकांना काम मिळाले.

मला ह्यात धडा दिसतो तो असा. यंत्राला शिव्या देऊन वादकाची चूल पेटत नाही, आणि यंत्राची आरती करूनही पेटत नाही. ते आधी शिकावे, म्हणजे कोणी फसवणार नाही. आणि मग त्याच्या मिळकतीत आपला वाटा संघटितपणे मागावा. आमच्या मित्राने पुढे काय केले? त्याने त्या दुकानदाराशी भांडण केले नाही. दर रविवारी तो आमच्या कचेरीत पाच-सहा पोरांना ही जोडणी फुकट शिकवतो. पहिला धडा अर्थातच बफरचा असतो.