केसपेपर उघडून बोला

वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून नव्या मुलींना चुका सांगणं हे माझं रोजचं काम. ‘तू निष्काळजी आहेस’ असं मी म्हणत नाही. ड्यूटी बदलण्याआधी बाजूला घेते, केसपेपर उघडते: ‘इंजेक्शन दिलंस, वेळ लिहिली नाहीस. रात्रपाळीची सिस्टर पुन्हा देईल ना! काय अडचण झाली?’ पुष्कळदा कळतं, एकाच वेळी दोन पेशंट आले होते. मग कामाची वाटणीच बदलावी लागते.

1996 मध्ये क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी अभिप्रायाविषयीचे 607 निष्कर्ष एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून स्वतःकडे वळतं, हे त्यांचं स्पष्टीकरण मला तंतोतंत पटतं. राउंडमध्ये पेशंटसमोर झापलेल्या मुलीचे हात सलाइन लावताना थरथरतात. सिनियर भगिनींनो, चारचौघांत झापणं तेवढं थांबवा.