बँकसेवकाचा घरचा अभ्यास : अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र

मुंबईत १९२८ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स ही संस्था स्थापन झाली, आणि नोकरी सांभाळून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक निराळा वर्ग या देशात उदयास आला. या विद्यार्थ्याला वर्ग नाही, फळा नाही, तासाची घंटा नाही. दिवसभर तो दुसऱ्यांचा पैसा मोजतो आणि रात्री जेवणे आटोपल्यावर पुस्तक उघडतो. ही संस्था पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु तिच्या विद्यार्थ्याची दिनचर्या फारशी पालटलेली नाही. जेएआयआयबी आणि तिच्यापुढची सीएआयआयबी या दोन परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास वेतनवाढ मिळते, बढतीच्या वेळी त्यांचा उपयोग होतो. घरातील मिळकतीशी निगडित असलेला हा अभ्यास आहे. त्याकडे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही.

२०२३ साली या परीक्षांचा अभ्यासक्रम नव्याने आखण्यात आला. जेएआयआयबीचे चार विषय झाले, आणि त्यांतील पहिल्यात भारतीय अर्थव्यवस्था व अर्थशास्त्रातील मूलभूत कल्पना यांना स्थान मिळाले: मागणी व पुरवठा, चलनपुरवठा व भाववाढ, व्याजाच्या उपपत्ती, तेजीमंदीची चक्रे, राष्ट्रीय उत्पन्न. सीएआयआयबीच्या एका विषयाचा आरंभच संख्याशास्त्राने होतो: नमुना निवड, सहसंबंध, कालमालिका, संभाव्यता. बँकेचे नियम पाठ असलेला अनुभवी कर्मचारीदेखील नेमका येथे अडखळतो. नियमांचे प्रकरण वाचून कळते; संख्याशास्त्राचे प्रकरण वाचून कळल्यासारखे वाटते, आणि हा भास एकट्याने अभ्यास करणाऱ्याला फार महाग पडतो.

एक साधे उदाहरण घ्यावे. समजा, दोन शाखांतून पाच दिवसांत काढली गेलेली रोख रक्कम लाखांत अशी आहे. पहिली शाखा : १८, १९, २०, २१, २२. दुसरी शाखा : ८, १२, २०, २८, ३२. दोन्हींची सरासरी वीसच येते. केवळ सरासरीवर विसंबून दोन्ही तिजोऱ्यांत सारखीच रोकड ठेवणारा अधिकारी दुसऱ्या शाखेत एके दिवशी ग्राहकाला परत पाठवील, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी तेथेच विनाकारण पैसा पडून राहील. सरासरीपासून आकडे किती दूर पसरले आहेत हे सांगणारे माप म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करावी, आलेल्या फरकांचे वर्ग करावेत, त्यांची बेरीज करून पाचाने भागावे आणि वर्गमूळ काढावे. पहिल्या शाखेच्या वर्गांची बेरीज १० येते, दुसरीच्या वर्गांची ४१६. वर्गमुळे अनुक्रमे सुमारे १.४१ आणि ९.१२. हे गणित ज्याने स्वतःच्या हाताने एकदा केले, त्याला प्रमाण विचलनाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आता खरी अडचण पुढेच आहे. हेच उदाहरण दुसऱ्या पानावर पाचाऐवजी चाराने भागून सोडवलेले आढळते, आणि उत्तरे १.५८ व १०.२ अशी येतात. वर्गात बसलेला विद्यार्थी हात वर करून विचारील. घरी बसलेला विद्यार्थी छपाईची चूक समजून पान उलटतो, अथवा दोन्ही सूत्रे निमूटपणे पाठ करतो. वस्तुतः दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. त्या पाच दिवसांपुरतेच बोलायचे असेल तर पाचाने भागावे. पण पाच दिवस हा नमुना धरून शाखेच्या एकंदर व्यवहाराविषयी अनुमान करायचे असेल, तर सरासरीसुद्धा त्याच पाच आकड्यांतून काढलेली आहे हे विसरता येत नाही. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्य होते. म्हणून चार फरक ठाऊक झाले की पाचवा आपोआप ठरतो. स्वतंत्र माहिती चारच तुकड्यांची, म्हणून भाजकही चार. पाचाने भागले असता मूळ पसारा आहे त्याहून थोडा लहान भासण्याकडे कल राहतो.

लहान नमुन्यांचा हा प्रश्न विद्यापीठाच्या चार भिंतींतच उपजला असे नव्हे. डब्लिन येथील गिनेस कंपनीच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा गृहस्थ नोकरीस होता. जव आणि हॉप्स यांच्या थोड्याशा चाचण्यांवरून निर्णय कसा करावा, ही त्याची रोजची अडचण. तिचे उत्तर त्याने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले, कारण नोकरांनी स्वतःच्या नावाने लेखन प्रसिद्ध करणे कंपनीला मान्य नव्हते. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आजही त्या कसोटीला ‘स्टुडंट’ हेच नाव आहे. काउंटरवरून उठून अभ्यासाला बसणाऱ्याला या गृहस्थाविषयी थोडी आपुलकी वाटली तर नवल नाही.

अर्थशास्त्राची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे गणित कमी आणि शब्द ओळखीचे. त्यामुळे विद्यार्थी निर्धास्त राहतो. मागणी, पुरवठा, महागाई हे शब्द बाजारात रोज कानांवर पडतात, परंतु शास्त्रात त्यांचे अर्थ काटेकोर असतात. महागाईचा दर चार टक्के आहे म्हणजे भाव चार टक्के आहेत असे नव्हे, आणि तो सहावरून चारावर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असेही नव्हे. भाव वाढतच आहेत, फक्त वाढीचा वेग मंदावला आहे. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन व्याजाचे धोरण ठरविण्यासाठी सहा सभासदांच्या समितीची तरतूद झाली, आणि त्यानंतर चार टक्के भाववाढ, दोहो बाजूंना दोन टक्क्यांची सूट, असे लक्ष्य ठरवून देण्यात आले. ठेवीवरचे व्याज का उतरले, असे एखादा निवृत्त शिक्षक काउंटरवर विचारतो, तेव्हा त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या प्रकरणात असते. समजा, एक लाखाची ठेव सात टक्के दराने वर्षाअखेर १,०७,००० झाली आणि तेवढ्याच काळात भाव सहा टक्क्यांनी चढले. वर्षापूर्वी लाखात येणारा माल आता १,०६,००० रुपयांना येतो. ठेवीदाराच्या पदरी खरी वाढ एक टक्क्याहूनही किंचित कमी पडली. पैशातील व्याज आणि खरे व्याज यांतील भेद एवढाच; पण त्यावर एका वृद्ध कुटुंबाचा महिन्याचा खर्च अवलंबून असतो.

दोन्ही विषय एकमेकांस भेटतात ते निर्देशांकाच्या प्रकरणात. भाववाढ मोजायची तर कोणत्या वस्तूला किती भार द्यायचा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आणि संख्याशास्त्राचाही. २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये या गटाला सुमारे ४६ टक्के भार होता. म्हणून कांदा-टोमॅटो कडाडले की सारा निर्देशांक हलत असे. लोकांच्या खर्चाची घडी बदलली की आधारवर्ष आणि भार दोन्ही बदलावे लागतात. हा दुवा लक्षात आला म्हणजे दोन प्रकरणांचा अभ्यास एकदम होतो.

कालमालिकेचे प्रकरण तर बँकसेवकाच्या डोळ्यांसमोरच घडत असते. बेळगावच्या ऊसपट्ट्यातील शाखेत कारखान्यांची बिले जमा होऊ लागली की ठेवी फुगतात; माळव्यात सोयाबीन बाजारात आले की तसेच; गोव्यात पर्यटकांचा हंगाम सुरू झाला की व्यापाऱ्यांचा भरणा वाढतो. ही ऋतुमानाची चढउतार होय, प्रगतीची दिशा नव्हे. जानेवारीचा आकडा पाहून वर्षाचे उद्दिष्ट ठरविणारा अधिकारी आणि जुलैचा आकडा पाहून हताश होणारा अधिकारी, दोघांनीही हे प्रकरण नीट वाचलेले नसते. मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना का करतात, हे शाखेतील जुना कारकून अनुभवाने जाणतो. पुस्तक त्याला फक्त नाव देते.

परीक्षेची रीत मात्र या समजुतीच्या आड येऊ शकते. प्रश्न बहुपर्यायी असतात, चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, आणि शंभरांपैकी पन्नास गुण मिळाले की विषय सुटतो. जुन्या प्रश्नांचे संग्रह घोकून हे साधणारे पुष्कळ आहेत. त्यांना दोष देण्याचेही कारण नाही, कारण घर, प्रवास आणि वर्षअखेरीचे हिशेब यांतून उरलेला वेळ थोडा असतो. पण तोच मनुष्य उद्या एखाद्या छोट्या कारखानदाराच्या कर्जाचा कागद तपासणार असतो. तीन वर्षांची विक्री पाहून चौथ्या वर्षाचा अंदाज बांधताना त्याला संग्रहातील पर्याय उपयोगी पडत नाहीत.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी विद्यार्थ्यापुढे भाषेचीही एक जादा पायरी आहे. पुस्तक बहुधा इंग्रजी, कचेरीतील व्यवहार कन्नड, हिंदी अथवा तेलुगू, आणि विचार मराठीत. पुष्कळांना ही अडचण वाटते. तथापि तिचा उपयोगही करून घेता येतो. प्रत्येक संज्ञेचा अर्थ वहीत घरच्या भाषेत दोन ओळींत लिहिता आला नाही, तर ती संज्ञा अद्याप कळलेली नाही एवढे निश्चित समजावे. वेळेच्या वाटणीतही थोडा विवेक हवा. अर्थशास्त्र आगगाडीत वा बसमध्ये वाचता येते. संख्याशास्त्राला टेबल, पेन्सिल आणि सलग तासभर लागतो, म्हणून सुटीची सकाळ त्यासाठी राखून ठेवावी.

शंकेसाठी शिक्षक नाही ही उणीव पुरती भरून निघत नाही. परंतु इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांत एकाच परीक्षेला बसणारे दोघे-तिघे निरनिराळ्या बँकांत सहज सापडतात. त्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, आणि पाचाऐवजी चाराने का भागायचे हे एकाने दुसऱ्याला पुस्तक मिटून, वहीच्या मागच्या पानावर समजावून द्यावे.